अध्यक्षांना ‘ॲडमिन’चा पासवर्ड कशाला हवा?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या करिअर पुरवणीत मध्यंतरी डेटाबेस ॲडमिनिस्ट्रेटरच्या नोकरीवर अर्धं पान मजकूर आला होता. कोर्स कोणते, फी किती, पुण्यात मागणी कशी, पगार कुठून सुरू होतो, सगळं व्यवस्थित दिलं होतं. त्यात चूक काढायला हे पत्र लिहीत नाही. पण तो वाचून माझ्या शेजारचा डिप्लोमाचा मुलगा विचारायला आला, “काकू, पण हा माणूस दिवसभर करतो काय?” आणि त्या अर्ध्या पानात याचं उत्तर खरोखरच नव्हतं.

मी पुण्यात वीसेक वर्षं हेच काम केलं. आता मिरजेला असते आणि आसपासच्या पतसंस्था, छोटी हॉस्पिटलं, एखादं कॉलेज यांचे डेटाबेस बघते. माझं उत्तर असं: कोणाला काय करता यावं आणि काय करता येऊ नये हे ठरवायचं, ते सर्व्हरवर बसवायचं, आणि कुणी रुसलं-रागावलं तरी तसंच टिकवायचं. बॅकअप, वेग, नवी आवृत्ती टाकणं, ही कामं आहेतच. पण अधिकारांची घडी नीट बसली नसेल तर बाकीच्या कामांना फार अर्थ उरत नाही.

आमच्या भागात नवा ॲडमिन कसा तयार होतो ते सांगते. संस्थेत ज्या मुलाला प्रिंटर चालू करता येतो, त्याला एक दिवस बोलावून सांगतात, “आजपासून सर्व्हर तुझ्याकडे.” सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस त्याला फोनवर एक पासवर्ड सांगतो. तो असतो सगळ्यात मोठ्या खात्याचा. प्रशिक्षण संपलं. जाहिरात देऊन भरती केली तरी त्यात ‘एसक्यूएल आवश्यक, टॅली येत असल्यास प्राधान्य’ यापलीकडे काही नसतं.

अशाच एका पतसंस्थेत गेले होते. नाव सांगत नाही, मंडळी चांगली आहेत. त्यांचं सॉफ्टवेअर पोस्टग्रेस या डेटाबेसवर चालतं. तिथल्या मुलाला म्हटलं, बॅकस्लॅश डी यू दे. या आज्ञेने सर्व्हरवरच्या सगळ्या रोलची, म्हणजे खात्यांची यादी येते आणि प्रत्येकापुढे त्याचे खास अधिकार दिसतात. चौदा नावं आली. चौदाही नावांपुढे ‘सुपरयुझर’. व्यवस्थापक, शाखाधिकारी, ‘टेस्ट’, ‘टेस्ट२’, ‘टेम्प’, नोकरी सोडून बंगळूरला गेलेला आधीचा मुलगा, आणि ‘ऑडिट’. हे शेवटचं खातं तपासणीला येणाऱ्या लेखापरीक्षकांसाठी केलेलं होतं. म्हणजे ज्यांनी फक्त नोंदी बघायच्या, त्यांनाही त्या पुसण्याची पूर्ण सोय होती!

सुपरयुझर म्हणजे काय, हे नव्या माणसाने सगळ्यात आधी समजून घ्यावं. पुष्कळांना वाटतं की त्याला ‘जास्त’ अधिकार असतात. तसं नाही. पोस्टग्रेस सुपरयुझरच्या बाबतीत परवानगी तपासतच नाही. लॉगिन करण्याचा हक्क आहे की नाही, एवढंच बघतो. तुम्ही एखाद्या तक्त्यावरचा त्याचा अधिकार काढून घेतलात तरी त्याला फरक पडत नाही. तो सर्व्हरवरच्या फायली वाचू शकतो, बाहेरचा प्रोग्रॅम चालवू शकतो, दुसऱ्याचा पासवर्ड बदलू शकतो. इतर डेटाबेसमध्येही असं खातं असतं: मायएसक्यूएलमध्ये हे स्थान ‘रूट’चं, एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘एसए’चं, ओरॅकलमध्ये ‘सिस’चं. अशी खाती रोजच्या कामासाठी नसतात.

मी त्या मुलाला विचारलं, इतक्या जणांना का दिलंस? तो म्हणाला, “मॅडम, नाही दिलं तर सॉफ्टवेअर चालत नाही.” आता हे नुसतं कारण म्हणून सांगितलेलं नव्हतं. त्याने आधी नीट प्रयत्न केला होता. नव्या कर्मचाऱ्याला पावत्यांच्या तक्त्यात नोंद करता यावी म्हणून त्याने वाचायचा आणि भरायचा अधिकार दिला, म्हणजे सिलेक्ट आणि इन्सर्ट ग्रँट केलं. तरी नोंद होईना. कारण पावती क्रमांकाचा रकाना सिरियल प्रकारचा, म्हणजे क्रमांक आपोआप पडणारा होता. पुढचा क्रमांक काढून देणारी ‘सीक्वेन्स’ ही पोस्टग्रेसमध्ये तक्त्याहून वेगळी वस्तू असते आणि तिचा अधिकार वेगळा द्यावा लागतो. पडद्यावर तसा संदेशही आला होता, पण समोर काउंटरवर लोक उभे. कंपनीच्या माणसाला फोन केला, तो म्हणाला, सुपरयुझर करून टाक. केलं, आणि चाललं. पुढच्या वेळी मग त्याने सीक्वेन्सचा विचारच केला नाही.

सगळीकडे हे असंच वाढत जातं. हलगर्जीपणा कमी आणि घाई जास्त. चार शब्द माहीत नसतात म्हणून मोठं खातं वाटलं जातं. तेव्हा ते चार शब्द सांगते. पोस्टग्रेसमध्ये एखाद्याला तक्ता वाचू द्यायचा तर आधी त्या डेटाबेसला जोडता यायला हवं, तो ‘कनेक्ट’चा अधिकार. मग तक्ता ज्या स्कीमात, म्हणजे डेटाबेसमधल्या कप्प्यात आहे, त्या स्कीमावर ‘यूसेज’. मग खुद्द तक्त्यावर ‘सिलेक्ट’. यातलं मधलं पाऊल हमखास विसरलं जातं. आणि आज दिलेला अधिकार आजच्या तक्त्यांपुरता असतो. उद्या नवा तक्ता झाला तर त्यावर तो आपोआप लागत नाही. त्यासाठी डिफॉल्ट प्रिव्हिलेजेस आधी ठरवून ठेवावे लागतात, तेही तक्ता कोणता रोल तयार करणार आहे ते बघून. नुसतं वाचायचंच असेल तर आता सोपं झालं आहे. २०२१ मध्ये आलेल्या चौदाव्या आवृत्तीपासून ‘पीजी रीड ऑल डेटा’ नावाचा तयार रोल मिळतो. लेखापरीक्षकांच्या खात्याला तो दिला की काम झालं. त्या पतसंस्थेतली आवृत्ती चौदाच्या पुढचीच होती. सोय घरात होती, कुणाला ठाऊक नव्हती.

आता त्या बंगळूरला गेलेल्या मुलाचं खातं. म्हटलं, आधी हे काढ. त्याने ‘ड्रॉप रोल’ दिलं. पोस्टग्रेसने नकार दिला: या रोलवर काही वस्तू अवलंबून आहेत. यादी बघितली तर कर्जखात्यांच्या तक्त्यासकट निम्मे तक्ते त्या मुलाच्या मालकीचे! त्याने ते आपल्या नावाने लॉगिन होऊन तयार केले होते, आणि जो तयार करतो तो मालक होतो. मालकाला त्या तक्त्यावर काहीही करता येतं, त्याची रचना बदलता येते, तो तक्ताच उडवता येतो. तक्ता उडवण्याचा अधिकार ग्रँट करून दुसऱ्याला देता येत नाही, तो मालकीबरोबरच येतो. मुलगा सरळ होता म्हणून बरं. पण संस्थेच्या कर्जाच्या नोंदी कागदोपत्री संस्थेच्या आणि सर्व्हरवर एका माजी कर्मचाऱ्याच्या, अशी स्थिती होती.

तिथे घाईघाईने काही केलं नाही. आधी ते खातं ‘नो लॉगिन’ करून ठेवलं. याने खातं राहतं, फक्त त्यातून नव्याने आत शिरता येत नाही. लगेच कळलं की रात्रीचा बॅकअप त्याच खात्यातून निघत होता, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी बॅकअपची फाइल नव्हती. बॅकअपला त्याचं स्वतःचं खातं करून दिलं. मग संस्थेच्या नावाने एक रोल केला, ज्याला लॉगिनच नाही. कुणी माणूस त्या नावाने आत येऊ शकत नाही, तो फक्त मालक म्हणून उभा असतो. सगळे तक्ते ‘रीअसाइन ओन्ड’ने त्याच्या नावावर केले. त्यानंतर त्या खात्याला दिलेले उरलेसुरले अधिकार काढणारं ‘ड्रॉप ओन्ड’, मग ‘ड्रॉप रोल’. नव्या मंडळींनी हा क्रम पाठच करावा. रीअसाइनच्या आधी ड्रॉप ओन्ड दिलं तर त्या माणसाच्या मालकीचे तक्तेच जातील. आणि रीअसाइन व ड्रॉप ओन्ड प्रत्येक डेटाबेसमध्ये जाऊन वेगवेगळं द्यावं लागतं. रोल मात्र पूर्ण सर्व्हरसाठी एकच असतो, डेटाबेसनिहाय वेगळा नसतो.

आणखी एक गोंधळ मला जवळजवळ प्रत्येक ठिकाणी दिसतो. ‘युझर’ म्हणजे नक्की कुठला? काउंटरवरची क्लार्क सकाळी सॉफ्टवेअरमध्ये आपलं नाव आणि पासवर्ड टाकते. हे झालं सॉफ्टवेअरचं खातं. बहुतेक ठिकाणी डेटाबेसला ती क्लार्क माहीतही नसते. सॉफ्टवेअर तिच्या वतीने एकाच कुठल्या तरी खात्यातून डेटाबेसशी बोलतं. आणि ज्या मशीनवर हे सगळं चालतं, त्या लिनक्सचं किंवा विंडोजचं खातं आणखी वेगळं. लिनक्सचा रूट आणि मायएसक्यूएलचा रूट यांचा नावापलीकडे संबंध नाही, तरी दोन्हीकडे एकच पासवर्ड ठेवलेला मी बघितला आहे.

हे थर वेगळे आहेत हे व्यवस्थापनाला पटवणं फार कठीण जातं. बँकेतली मंडळी लगेच सांगतात, “आमच्याकडे मेकर-चेकर आहे की.” एकाने व्हाउचर टाकायचं, दुसऱ्याने पास करायचं. पद्धत उत्तमच. महसूल खात्यातही हे जुनंच आहे: सातबाऱ्याच्या फेरफाराची नोंद तलाठ्याने घालायची आणि ती प्रमाणित करायची मंडळ अधिकाऱ्याने. पण तुमचा मेकर-चेकर सॉफ्टवेअरच्या पडद्यावर आहे. ज्याच्याकडे डेटाबेसचा सुपरयुझर आहे, तो पडदा न उघडता थेट तक्त्यात शिरून रक्कम बदलू शकतो. तिथे ना मेकर आहे ना चेकर. शिवाय सॉफ्टवेअरचं स्वतःचं खातंच सुपरयुझर असेल, तर सॉफ्टवेअरमध्ये कुठे भोक सापडलं की त्यातून शिरणाराही सुपरयुझरच होतो. त्या खात्याला तक्त्यांची मालकीसुद्धा देऊ नये. वाचणं, भरणं, बदलणं, आणि जिथे खरंच लागतं तिथेच पुसणं, एवढ्यावर रोजचं कामकाज आरामात चालतं.

आणि मग येतात अध्यक्ष. हे प्रकरण कुठल्याही कोर्सच्या अभ्यासक्रमात नाही, पण नव्या ॲडमिनची खरी परीक्षा इथेच असते. त्या पतसंस्थेत आम्ही चौदाचे दोन सुपरयुझर केले. एक रोजच्या वापराबाहेर, पासवर्ड लिफाफ्यात बंद करून तिजोरीत. दुसरा त्या मुलाच्या हातात, पण त्यालाही रोजच्या कामासाठी वेगळं, लहान खातं. चार दिवसांनी अध्यक्षांनी बोलावून घेतलं.

“मॅडम, संस्था उभी केली आम्ही, आणि आम्हालाच ॲडमिन नाही?”

“साहेब, तुम्हाला सगळं दिसतंय की. अहवाल सगळे उघडतात ना?”

“उघडतात. पण हा कालचा पोरगा ॲडमिन आणि मी नाही, हे बरं दिसत नाही.”

मी म्हटलं, “उद्या एखादी नोंद गायब झाली तर पोलीस ज्यांना ज्यांना ती पुसता येत होती त्यांना विचारतील. त्या यादीत तुमचं नाव हवंय का?” साहेब हसले. चहा मागवला. पुन्हा विषय निघाला नाही. मला मात्र ते “बरं दिसत नाही” पुष्कळ दिवस आठवत राहिलं. आपल्याकडे अधिकार हा मान समजला जातो. खुर्ची जितकी मोठी तितका पासवर्ड मोठा हवा, असा हिशेब. डेटाबेसमध्ये हिशेब उलटा आहे. अध्यक्षांना फक्त बघायचं असतं, तेव्हा त्यांचं खातं सगळ्यात लहान असायला हरकत नाही. त्या मुलाला हे अध्यक्षांना तोंडावर सांगता आलं नसतं. कसं सांगणार, नोकरी त्यांच्याच हातात. म्हणून कोणाला कोणता रोल हा निर्णय संचालक मंडळाच्या ठरावात लिहून घ्यावा. मुलगा मग ठरावाकडे बोट दाखवू शकतो.

नव्यांची आणखी एक पंचाईत म्हणजे कंपनीगणिक शब्द तेच आणि अर्थ वेगळे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘लॉगिन’ पूर्ण सर्व्हरचं असतं आणि ‘युझर’ एका डेटाबेसपुरता, दोघांना जोडावं लागतं. बॅकअप नव्या मशीनवर चढवला की युझर येतात पण त्यांचे लॉगिन मागेच राहतात, आणि ‘सगळं आलंय पण कुणालाच आत जाता येत नाही’ असा फोन येतो. मायएसक्यूएलमध्ये खात्याच्या नावात ते कुठल्या मशीनवरून येतंय हेही धरलेलं असतं. त्याच नावाचं लोकलहोस्टवरचं, म्हणजे खुद्द त्याच मशीनवरून येणारं खातं एक, बाहेरून कुठूनही येणारं दुसरं. नवा मुलगा एकाचा पासवर्ड बदलतो आणि दुसरा जुन्याच पासवर्डवर उघडा राहतो. तिथे रोल आले ते आठव्या आवृत्तीत, २०१८ मध्ये. रोल दिला तरी तो आपोआप लागू होत नाही, ‘डिफॉल्ट रोल’ ठरवून द्यावा लागतो, नाहीतर माणूस म्हणतो, दिलाय म्हणतात पण चालत नाही. ओरॅकलमध्ये युझर आणि स्कीमा जोडीने येतात. पोस्टग्रेसमध्ये स्कीमा हा डेटाबेसमधला नुसता कप्पा, आणि युझर व ग्रुप असे दोन प्रकार २००५ मध्ये आलेल्या ८.१ आवृत्तीपासून एकत्र होऊन सगळे ‘रोल’च झाले. एका कंपनीचं शिकून दुसऱ्याच्या सर्व्हरवर बसलात तर हे आधी तपासा.

जुन्या ओरॅकलवाल्यांना ‘स्कॉट’ हे खातं आणि त्याचा ‘टायगर’ हा पासवर्ड आठवत असेल. स्कॉट हे कंपनीतल्या एका सुरुवातीच्या प्रोग्रॅमरचं आडनाव आणि टायगर त्यांच्या घरची मांजर. सरावासाठी दिलेलं ते खातं पुढे जगभर कित्येक खऱ्या सर्व्हरवर तसंच उघडं राहिलं. एसक्यूएल सर्व्हरचं ‘एसए’ खातं कित्येकांनी पासवर्ड न टाकताच ठेवलं होतं. मे २००२ मध्ये नेमकं तेच हुडकत फिरणारा एक वर्म, म्हणजे आपोआप पसरणारा घातक प्रोग्रॅम आला, स्पिडा नावाचा. त्याला कुठलंही कुलूप तोडावं लागलं नाही. २०१७ च्या जानेवारीत मोंगोडीबी या आणखी एका प्रकारचे हजारो डेटाबेस इंटरनेटवर लॉगिनशिवाय उघडे सापडले. चोरांनी ते पुसून खंडणीची चिठ्ठी ठेवली. आपल्या भागात हे होणार नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी आपल्या हॉस्पिटलच्या सर्व्हरचा पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरून आत शिरायचं दार, बाहेरून उघडा आहे का, एवढं तरी बघून घ्यावं.

एक सूक्ष्म सापळा सांगते, कारण हुशार मुलंही त्यात सापडतात. सुपरयुझर द्यायचा नाही, हे शिकलेला मुलगा कधी कधी ‘फक्त नवी खाती तयार करण्याचा’ अधिकार देतो. वाटतं, यात काय एवढं. पोस्टग्रेसमध्ये हा ‘क्रिएट रोल’चा अधिकार सोळाव्या आवृत्तीआधी फार ढिला होता. तो ज्याच्याकडे असे, तो सुपरयुझर सोडून कुठल्याही रोलचं सदस्यत्व स्वतःला देऊ शकत असे. २०२३ मध्ये सोळावी आवृत्ती आली आणि ते आवळलं गेलं, पण जुन्या आवृत्त्या आमच्याकडे अजून ढिगाने चालू आहेत. मोंगोडीबीतला ‘युझर ॲडमिन’ही तसाच. तो आपल्या डेटाबेसमधला कुठलाही रोल स्वतःला घेऊ शकतो. जो दुसऱ्यांना अधिकार वाटतो, त्याच्याकडे ते सगळे अधिकार आहेत असंच धरून चालावं. मिळालेला अधिकार पुढे वाटण्याची मुभा देणारा ‘विथ ग्रँट ऑप्शन’ही जपून वापरावा. नंतर काढून घ्यायला गेलात तर पोस्टग्रेस आधी अडतो, कारण त्या माणसाने तो आणखी कुणाकुणाला दिलेला असतो. ‘कॅस्केड’ म्हटलं तर ती सगळी साखळी एका झटक्यात जाते.

बॅकअपबद्दल थोडं, कारण तोही अधिकारांचाच प्रश्न आहे. बॅकअप घेणाऱ्याला सगळं वाचावं लागतं, काहीही बदलावं लागत नाही. ओरॅकलने २०१३ च्या १२सी आवृत्तीत ‘सिसबॅकअप’ हा वेगळा अधिकार काढला तो बॅकअपसाठी सगळ्यात मोठा अधिकार द्यावा लागू नये म्हणून. पोस्टग्रेसमध्ये ‘पीजी डम्प’ने काढलेल्या बॅकअपमध्ये रोल नसतात, ते ‘पीजी डम्प ऑल’ला फक्त ग्लोबल्स, म्हणजे पूर्ण सर्व्हरच्या सामाईक गोष्टी काढायला सांगून वेगळे घ्यावे लागतात. हे माहीत नसलेला माणूस मशीन बिघडल्यावर तक्ते परत आणतो आणि मालक, अधिकार सगळं हरवून बसतो. मग घाईत काय करतो? सगळ्यांना सुपरयुझर.

गिटलॅब या कंपनीचं उदाहरण मी प्रत्येक नव्या मुलाला सांगते. ३१ जानेवारी २०१७ ला त्यांच्या एका इंजिनिअरने दुय्यम सर्व्हरऐवजी मुख्य पोस्टग्रेस सर्व्हरची डेटाची फोल्डर पुसली. बॅकअप बघायला गेले तर पीजी डम्पची आवृत्ती सर्व्हरशी न जुळल्याने तो निघतच नव्हता, आणि तो निघत नसल्याच्या ईमेलही कुणापर्यंत पोचत नव्हत्या. सहा तासांपूर्वीची एक प्रत योगायोगाने सापडली म्हणून निभावलं, मधल्या सहा तासांचा डेटा गेला. कंपनीने पुढे या घटनेचा सविस्तर अहवाल जाहीर केला. बॅकअप नियमित तपासला का जात नव्हता, याचं त्यात दिलेलं कारण असं की ती जबाबदारी कुणाच्याच नावावर नव्हती. ज्याच्या हातून फोल्डर पुसली गेली त्याच्यावर खापर फोडून ते मोकळे झाले नाहीत, हे मला फार आवडतं. आमच्याकडे बॅकअप कोण घेतं विचारलं की नाव मिळतं. तो परत चढवून कोण बघतं विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात.

कायद्याचंही थोडक्यात. नागरी सहकारी बँकांना रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१८ च्या सायबर सुरक्षेच्या परिपत्रकातच सांगून ठेवलं आहे की कामापुरताच ॲक्सेस द्या. पतसंस्था सहकार खात्याकडे येतात, म्हणून ते परिपत्रक आपल्याला नाही, असं सांगणारे भेटतात. पण सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार १८० दिवसांचे लॉग, म्हणजे कोणत्या खात्यातून केव्हा काय झालं याच्या नोंदी, जपून ठेवायचे आहेत आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आहे. आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्याबद्दल दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. पाच जण एकच ‘ॲडमिन’ खातं वापरत असतील तर त्या १८० दिवसांच्या लॉगमध्ये प्रत्येक ओळीपुढे ‘ॲडमिन’ एवढंच लिहिलेलं असेल. कुणी केलं, ते शोधायला तो लॉग निरुपयोगी. माणूस तितकी खाती, हा नियम त्यासाठी. सॉफ्टवेअर कंपनीच्या माणसालाही त्याच्या नावाचं खातं द्यावं, काम असेल तेव्हा उघडावं आणि झालं की बंद करावं. पोस्टग्रेसमध्ये खात्याच्या पासवर्डला मुदतही घालता येते. कंपन्या यावर कुरकुर करतात. करू द्यावी.

आता आपल्याकडे विनंती. करिअर पुरवणीत या नोकरीवर पुन्हा लिहाल तेव्हा पगाराच्या चौकटीशेजारी या कामाचा हा भागही यावा. आणि आपला अंक वाचणाऱ्या पॉलिटेक्निक आणि बीसीएच्या शिक्षकांना एक सांगायचं आहे. प्रॅक्टिकलला बहुतेक लॅबमध्ये सगळी मुलं रूटनेच लॉगिन होतात, कारण इन्स्टॉल करताना तेवढं एकच खातं केलेलं असतं. तीन वर्षं रूटने काम केलेल्या मुलाला दुसऱ्या कुठल्या खात्याची गरजच कधी जाणवत नाही. तेव्हा यंदाच्या परीक्षेत जॉइनची एक क्वेरी कमी विचारा आणि एवढं करून दाखवायला सांगा: क्लार्कला पावत्या भरता याव्यात, पुसता येऊ नयेत. लेखापरीक्षकाला सगळं वाचता यावं, एक अक्षर बदलता येऊ नये. तक्ते अशा रोलच्या मालकीचे असावेत ज्याला लॉगिन नाही. आणि क्लार्कने नोकरी सोडल्यावर तिचं खातं काढून दाखव. अर्ध्या तासाचं काम आहे, त्यात मुलाला किती येतं ते लख्ख दिसेल. कुणा शिक्षकांना असा पेपर तयार करून हवा असेल तर मी करून देईन. पत्ता सोबतच्या चिठ्ठीत आहे, तो आपण त्यांना जरूर कळवावा. ज्या संस्थांमध्ये मी जाते त्यांना उगीच त्रास नको, म्हणून नाव मात्र छापू नये.

आपली,
एक वाचक, मिरज